देवघेवीचा रकाना

"इथली पुस्तकं कुठं गेली?" कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभं राहून लेखापालांनी विचारलं.

"वाचायला गेलीत," बाई म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी कशी? अर्धी आहेत की ही."

लेखापालांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फळीवर वाकून पाहिलं. जिथं पुस्तक नव्हतं तिथं पुठ्ठ्याची एक पट्टी उभी केलेली होती. जुनी खोकी कापून केलेल्या पट्ट्या, आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. त्यांनी एक काढून वाचली. 'निळं दार.' दुसरी काढली. 'मशीनवाली.' तिसरीवर नुसतं 'भट्टी' होतं आणि चौथीवर 'टाकीजवळचे, कुत्रा आहे.'

"हा काय प्रकार आहे?"

"वाचक आहेत साहेब. निळ्या दाराच्या आजी, शिलाई मशीनवाली वहिनी, भट्टीवाले काका. चौथ्यांचं नाव मला ठाऊक नाही, पण माणूस अगदी सज्जन. कुत्रा तेवढा तापट आहे."

लेखापाल हसले नाहीत. ते नगरपालिकेतून सकाळच्या बसनं आले होते, आणि दुपारपर्यंत हे काम उरकून परत जायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. त्यांनी टेबलावरची देवघेवीची वही उघडली, शेवटची पानं चाळली आणि बोट एका आकड्यावर ठेवलं.

"तुमच्या वहीप्रमाणे या शाखेतून दिवसाला सहा पुस्तकं बाहेर जातात."

"वहीप्रमाणे," बाई म्हणाल्या.

बाईंना या शाखेत सव्वीस वर्षं झाली होती. शाखा म्हणजे एक लांबट खोली, सात कपाटं, चार बाक आणि बाई. मोठं वाचनालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या रुळांपलीकडे. तिथं जायला दोन बस बदलाव्या लागत. ही शाखा काचकारखान्याच्या वसाहतीसाठी काढलेली. कारखान्यात बाटल्या होत, आणि त्या बाटल्यांवर अख्खी वसाहत जगत होती. तेव्हा माणसं पाळीवरून दमून येत आणि झोपत. वाचायला वेळ होता कुणाला? महिन्याची वर्गणी मात्र सगळे नेमानं भरत.

मग चार वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. लोकांकडे वेळच वेळ झाला, आणि नेमके तेव्हाच ते वाचनालयात यायचे बंद झाले. तीन महिने वर्गणी थकली की सभासदत्व रद्द, असा नियम होता. रद्द झालेल्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटे. बाईंनी दोन महिने रिकाम्या बाकांकडे पाहत काढले. मग एके दिवशी पिशवीत पंधरा पुस्तकं भरून त्या गल्लीत शिरल्या आणि दारोदार सांगत सुटल्या, "न्या हो. वाचा आणि आणून द्या. मी लिहून ठेवत नाही."

आणि त्यांनी खरंच लिहून ठेवलं नाही. नोंद करायची तर सभासद क्रमांक लागे, आणि क्रमांक तर वसाहतीत जवळजवळ कुणाचाच उरला नव्हता. म्हणून त्या पट्ट्या. बघता बघता वसाहत वाचायला लागली. भट्टीपुढं तीस वर्षं उभा राहिलेला माणूस ओळीखाली बोट ठेवून कादंबरी वाचायला लागला. खोली कधी नव्हती एवढी भरायला लागली, आणि वही कधी नव्हती एवढी रिकामी पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कधी संबंध येईल, हे बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बसा बाई," लेखापाल म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. "घरपट्टीतला थोडा हिस्सा वाचनालयांना जातो, हे तुम्हाला माहीत असेल. आपल्या गावात शंभरातले चाळीस रुपये एकटा तो कारखाना भरायचा. कारखाना बंद, तर घरपट्टी बंद. त्याची जमीन कोर्टात अडकलीय, ती विकून काही हाती यायला आपले केस पांढरे होतील. इतके दिवस पालिकेनं इकडचं तिकडं करून रेटलं. आता रेटत नाही. दोन वाचनालयांतलं एकच ठेवायचं ठरलंय."

"आणि ते हे नाही."

"तसं नाही. दिवसाला चाळीस पुस्तकं जात असतील तर शाखा राहील, असा ठराव आहे."

"चाळीस? अहो, सत्तर जातात माझ्याकडून!"

"कुठं जातात?" लेखापालांनी वही त्यांच्याकडे फिरवली. "यात दाखवा."

बाईंनी वहीकडं पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते परक्या माणसाला दिसू नये म्हणून त्या खिडकी लावायला उठल्या. खिडकी लावलेलीच होती.

लेखापाल मनानं वाईट नव्हते. पण त्यांच्या हातात फक्त रकाने होते, आणि रकान्यात मावेल तेवढाच चांगुलपणा त्यांना करता येत असे.

"असं करू. सोमवारी मी स्वतः इथं येऊन बसतो. दहा ते सहा. जेवढी पुस्तकं जातील तेवढी मोजतो आणि तोच आकडा धरा म्हणून लिहितो. पण ज्याला पुस्तक द्याल त्याचा सभासदाचा अर्ज पाहिजे."

"वर्गणी कुठून भरतील ते?"

"वर्गणीचं नंतर बघू. मी तसा शेरा मारतो. अर्जावर सही तेवढी घ्या."

"आणि या पट्ट्या?"

"त्या मी पाहिल्या नाहीत," लेखापाल म्हणाले आणि बॅग उचलून बस गाठायला निघाले.

संध्याकाळी घरी बाईंचा नवरा आपल्या गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होता. एके काळी तो कारखान्यात माल बांधायच्या खात्यावर मुकादम होता. आता एका दवाखान्याच्या दारावर पहाऱ्याला उभा राहत असे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मागच्या नोंदी भरून टाक की बसून. सत्तर तर सत्तर. खोटं थोडंच आहे?"

"आणि तारखा?"

"घाल अंदाजानं."

"अंदाजानं लिहिता येत नाही मला."

"वा! चार वर्षं काहीच लिहिलं नाहीस, तेव्हा हात अडला नाही. आता म्हणे अंदाजानं लिहिता येत नाही."

बाईंना ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. त्यानं इस्त्री उभी केली आणि बाईंकडं न बघता म्हणाला, "सोमवारी येतील गं सगळे. तुझ्या शब्दाबाहेर आहे का कुणी?"

शनिवारी बाईंनी मशीनवाल्या वहिनींना गाठलं. वसाहतीत निरोप पोचवायचा तर वहिनींना सांगावा. तासाभरात तो टाकीपर्यंत जाई. "सोमवारी पालिकेचे साहेब येऊन बसणार आहेत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगा, झाडून सगळ्यांनी यायचं. माझ्यासाठी या म्हणावं."

वहिनींनी मान हलवली आणि बाईंचा हात दाबला. एवढं हात दाबण्यासारखं त्यात काय होतं, हे बाईंच्या ध्यानात आलं नाही. वाचनालयात या, याचा अर्थ पुस्तक न्या, हे काय सांगायला हवं?

सोमवारी दहाला दार उघडलं तेव्हा रांग नळापर्यंत गेली होती. बाईंनी इतकी माणसं तिथं एकत्र कधी पाहिली नव्हती. त्यांचा जीव सुपाएवढा झाला. टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, दोन पेनं, नवी वही. कोपऱ्यात लेखापाल मांडीवर कागद घेऊन बसले होते.

पहिल्या आत आल्या निळ्या दाराच्या आजी. त्यांनी पिशवीतून तीन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोजून घ्या बाई. आमच्याकडं तुमचं आता काही राहिलं नाही."

"बरं आजी. आणि आज कुठलं नेताय? तुम्हाला हवं होतं ते आलंय, बाजूला ठेवलंय मी."

"नको गं. डोळ्यांनी दिसतच नाही हल्ली," आजी म्हणाल्या आणि दारातल्या दगडाला अचूक वळसा घालून बाहेर पडल्या.

मागून टाकीजवळचे आले. "हे पुस्तक मला रस्त्यात सापडलं," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "मी कधी इथून काही नेलेलं नाही." मग एक जोडपं आलं, मग तिघी बहिणी, मग भट्टीवाले काका. काकांनी जाडजूड कादंबरी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, तिच्यावरून एकदा तळवा फिरवला आणि न बोलता वळले. टेबलावर पुस्तकांची चळत चढत चालली. वहीचं पान कोरं होतं.

बाईंना तेव्हा कळलं. साहेब आले, पट्ट्या काढून बघितल्या, बाई रडवेल्या झाल्या, हे गल्लीतल्या कुणीतरी खिडकीच्या काचेतून पाहिलं होतं. नियम मोडून पुस्तकं दिली म्हणून बाईंवर चौकशी बसली, अशी बातमी वसाहतभर झाली होती. सगळे बाईंना सोडवायला आले होते.

त्यांनी वहिनींना दाराशीच पकडलं. "अहो, असं काय करताय? न्यायची आहेत पुस्तकं! आज न्यायचीच आहेत. इथं सही करा आणि दोन घेऊन जा."

"सही?" वहिनी म्हणाल्या.

त्या एका शब्दानं रांग मागं सरकली. वसाहतीनं एकदा सही केली होती. कारखान्याच्या फाटकात अशीच टेबलं मांडली होती, असेच कोरे गठ्ठे होते. सही करा, म्हणजे हिशेब लवकर मिळेल, असं सांगितलं होतं. आम्ही आपखुशीनं नोकरी सोडतो, असं त्या कागदावर लिहिलं होतं, हे सगळ्यांना नंतर कळलं. बाईंच्या नवऱ्याचीही सही त्यात होती.

"बाई, जीव मागा, देईन," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "सही नका मागू."

मग बाई स्टुलावर चढल्या. आयुष्यात त्यांनी कधी भाषण केलं नव्हतं. "ऐका! माझ्या नोकरीला काही होत नाही. आज पुस्तकं नेली नाहीत तर वाचनालय बंद होणार आहे. मी खरं सांगतेय. पाया पडते, एकेक तरी न्या!"

माणसं त्यांच्याकडं मायेनं बघत राहिली. मग सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या साहेबांकडं वळल्या, त्यांच्या मांडीवरच्या कागदाकडं आणि हातातल्या पेनाकडं. बिचाऱ्या बाईंना साहेबांनी असं बोलायला लावलंय, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

लेखापालांना हे बघवेना. ते उठून पुढं आले आणि होता होईल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "न्या हो, न्या. काही भीती नाही. फक्त सही करायची."

कारखान्याचे मॅनेजरही असंच बोलले होते, याच आवाजात. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं.

त्यानंतरही माणसं येत राहिली. एकेकटी येत, पुस्तक ठेवत आणि जात. बाई प्रत्येकाला सांगत, आणि प्रत्येक जण डोळ्यांनीच म्हणे, कळतंय बाई, काळजी करू नका. दुपारी चारला बाईंचा नवरा आला, गणवेशातच, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. त्यानं अर्ज पुढं ओढला. पेन हातात घेतलं आणि क्षणभर तसाच बसला. मग त्यानं सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

"कुठलं देऊ?" बाईंनी विचारलं.

"कुठलंही दे. जाड दे."

त्याच्याशिवाय एक शाळामास्तर आणि तीन जुने सभासद. सहा वाजले तेव्हा नव्या वहीत पाच ओळी होत्या.

लेखापालांनी नियमाप्रमाणे साठा तपासला. सातही कपाटं गच्च भरली होती, चार वर्षांत पहिल्यांदाच. पट्ट्यांचा ढीग टेबलाखाली पडला होता. त्यांनी दोनदा मोजलं. एकही पुस्तक कमी नव्हतं. उलट दोन जास्त निघाली. कुणीतरी घाईत स्वतःच्या घरचीही आणून ठेवली होती.

"इतक्या वर्षांच्या नोकरीत असा जुळलेला साठा मी पाहिला नाही," ते म्हणाले. त्यांनी पेन उघडलं. "मोठ्या वाचनालयात तपासणीला गेलो तर दरवेळी शेकड्यानं पुस्तकं कमी निघतात. काय लिहू, तुम्हीच सांगा बाई."

बाईंच्या मनात आलं, म्हणावं, सत्तर लिहा. म्हणावं, आज या दारातून किती माणसं आली ती लिहा. पण येणाऱ्या माणसांसाठी त्या कागदावर रकाना नव्हता. आणि मागची चार वर्षं रकाना होता तेव्हा तो त्यांनी स्वतःच कोरा ठेवला होता.

"जे गेलं ते लिहा," त्या म्हणाल्या.

लेखापालांनी पाच लिहिलं.

पुढच्या महिन्यात शाखा बंद करायचा ठराव झाला. वसाहतीला खरं काय ते कळलं तेव्हा वहिनी बाईंच्या दारात येऊन बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "मी मारलं हो वाचनालय, माझ्या तोंडानं मारलं." बाईंनी त्यांना पाणी दिलं. "तुम्ही नाही, वहिनी. मी वही कोरी ठेवली," त्या म्हणाल्या. कितीही बोललं तरी दोघींपैकी कुणाचंच समाधान होण्यासारखं नव्हतं. चाळीस जणांनी मिळून पालिकेला अर्ज केला, सह्यांसकट. त्याला उत्तर आलं की ठराव झालेला आहे.

ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी बाईंनी सकाळपासून पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधले होते. त्यांची बदली मोठ्या वाचनालयात झाली होती, जुनी वर्तमानपत्रं ठेवायच्या खोलीत. हमाल कपाटं बाहेर नेत होते. कपाट हललं की मागच्या भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा भाग दिसे, आणि खोली उघडी पडल्यासारखी वाटे. बाई तिकडं बघायचं टाळत होत्या.

तेवढ्यात भट्टीवाले काका दारात येऊन उभे राहिले. "बाई, एक विचारू का?"

"विचारा की."

"त्या सोमवारी मी ते पुस्तक परत केलं ना, जाड... त्याची चौदा पानं राहिली होती."

बाईंच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"साहेब बसले होते. म्हटलं, तुम्हाला त्रास नको." ते ओशाळून हसले. "पण तेव्हापासून जीव लागून राहिलाय. तो शेवटी घरी पोचतो का हो?"

बाईंनी ती कादंबरी तीनदा वाचली होती. "सांगू?"

"नको, नको!" काकांनी दोन्ही हात वर केले. भट्टीनं भाजलेली, गुळगुळीत झालेली बोटं. "सांगू नका. असेल इथं तर वाचतोच. मला वेळ लागेल थोडा."

बाईंनी सुरी घेतली आणि बांधलेले गठ्ठे सोडायला सुरुवात केली. पहिल्यात नव्हती. दुसऱ्यात, तिसऱ्यात नव्हती. हमाल एकमेकांकडं बघायला लागले. पाचव्या गठ्ठ्यात ती सापडली. काका खोलीच्या मध्यावर राहिलेल्या एकुलत्या बाकावर बसले, पान शोधलं आणि ओळीखाली बोट ठेवलं.

बाई सुटलेले गठ्ठे पुन्हा बांधायला लागल्या. थोड्या वेळानं टेम्पोत सगळं चढलं, बाक तेवढा राहिला. हमालांनी तो दोन बाजूंनी धरला आणि अवघडून उभे राहिले.

"काका, उठता का जरा?"

काका उठले. ओळीवरचं बोट त्यांनी उचललं नाही. तसेच चालत ते खिडकीपर्यंत गेले, कट्ट्याला टेकले आणि वाचत राहिले. बाक त्यांच्यासमोरून बाहेर गेला, तो त्यांना कळलाही नसावा. आता खोलीत काही नव्हतं, फक्त फरशी, बाई आणि खिडकीशी ओठ हलवत वाचणारा एक म्हातारा.

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. जरा थांबून पुन्हा दिला, आणि मग खाली उतरून दारात आला. "चला ना बाई. एका पुस्तकासाठी किती वेळ?"

बाईंनी घड्याळ बघितलं.

"पाच वाजून वीस मिनिटं झालीत," त्या म्हणाल्या. "वाचनालय सहाला बंद होतं."